पोलार्ड आठवा का आला? नेरूळच्या अंतिम सामन्यातल्या एका प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

२५ एप्रिल २०१०, रविवारची रात्र, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. आयपीएलच्या तिसऱ्या हंगामाचा अंतिम सामना. चेन्नई सुपर किंग्जने २० षटकांत ५ बाद १६८ धावा केल्या, त्यात सुरेश रैनाच्या ३५ चेंडूंत नाबाद ५७. मुंबई इंडियन्सचा डाव ९ बाद १४६ वर संपला. बावीस धावांनी हार. मुंबईचा फटकेबाज किरॉन पोलार्ड मैदानात उतरला तो आठव्या क्रमांकावर, १८ चेंडूंत ५५ धावा हव्या असताना. त्याने १० चेंडूंत २७ काढल्या आणि ॲल्बी मॉर्केलच्या चेंडूवर मॅथ्यू हेडनच्या हातात झेल देऊन तो परतला. हेडन उभा होता जवळजवळ गोलंदाजाच्या मागे, सरळ रेषेत. पोलार्ड सरळ मारणार हे ओळखून चेन्नईचा कर्णधार धोनीने ती जागा मुद्दाम भरली होती.

तेव्हापासून ठाण्यापासून पनवेलपर्यंत एक वाक्य ऐकू येतं: पोलार्डला वर पाठवलं असतं तर कप आपला होता. ट्रान्सहार्बरच्या गाडीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, तेव्हा पाळण्यात असलेल्या पोरांच्या तोंडूनही ऐकलंय. या वाक्याचा त्रास असा की ते वाद सुरू होण्याआधीच संपवून टाकतं. वर म्हणजे किती वर? कोणाच्या जागी? त्या वेळी समोर कोण गोलंदाज होता, किती षटकं उरली होती? हे कोणी विचारत नाही. म्हणून आमच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर हे प्रकरण आम्ही एकदा नीट, फाईल उघडावी तसं उघडलं.

कट्ट्यावर पाच जण. नौपाड्याचे काका, बँकेतून निवृत्त, कांगा लीगचे सामने बघत मोठे झालेले. ऐरोलीचा दादा, रबाळ्याला एमआयडीसीत शिफ्ट करतो, त्या रात्री तो स्वतः स्टेडियममध्ये होता. कळव्याच्या ताई शाळेत खेळ शिकवतात आणि मुलींचा संघ सांभाळतात. त्यांची भाची इंजिनिअरिंगला आहे, स्कोअरबुक तिच्या हातात. आणि पाचवा मी, टिपणं काढणारा. नियम एकच ठेवला होता: त्या रात्री डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकावर, बसलेल्या माणसाला जे माहीत होतं, तेवढ्यावरच निर्णयाला नावं ठेवायची. पुढे काय झालं ते पुरावा म्हणून आणायचं नाही. हा नियम पाळणं फार अवघड गेलं, पण त्याच्याशिवाय असल्या चर्चेला काही अर्थ उरत नाही.

आधी पैशाचं

दादाने पहिलाच मुद्दा किमतीचा काढला. "काका, साडेसात लाख डॉलर मोजले ना त्याचे? मग एवढ्या महागाचा माणूस आठवा कसा येतो?"

ही किंमत कुठून आली ते आधी पाहिलं पाहिजे. ऑक्टोबर २००९ मध्ये हैदराबादला चॅम्पियन्स लीग या वीस षटकांच्या स्पर्धेत त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून पोलार्डने न्यू साउथ वेल्सविरुद्ध १८ चेंडूंत नाबाद ५४ केल्या. हरत आलेला सामना त्याने खेचून आणला आणि एका रात्रीत सगळ्या मालकांच्या यादीत त्याचं नाव वर गेलं. जानेवारी २०१० च्या लिलावात खर्चाची मर्यादाच साडेसात लाख डॉलर होती. पोलार्डसाठी चार संघ त्या मर्यादेला जाऊन भिडले. मग बंद पाकिटातल्या बोलीने निकाल लागला आणि तो मुंबईकडे आला. पाकिटात किती आकडा होता तो जाहीर झाला नाही. मर्यादेच्या वरची रक्कम खेळाडूच्या हातात पडतच नव्हती, ती लीगकडे जायची. म्हणजे पोलार्डची खरी बाजारभावाची किंमत साडेसात लाखांपेक्षा जास्त होती एवढंच ठामपणे म्हणता येतं.

पण दादाच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, की लिलावात मोजलेली रक्कम फलंदाजीच्या क्रमावर हक्क देते. असं असतं तर त्या रात्री पोलार्डच्या आधी आलेला जे. पी. डुमिनीही योग्यच ठरला असता, कारण २००९ च्या लिलावात मुंबईने त्याला साडेनऊ लाख डॉलरला घेतलं होतं. पोलार्डहून दोन लाखांनी महाग. आणि दुसऱ्या बाजूला शादाब जकाती. तेव्हा आंतरराष्ट्रीय सामने न खेळलेले भारतीय खेळाडू लिलावात येतच नसत, संघ त्यांना थेट करारबद्ध करत. जकाती त्यातला. त्याच जकातीने एका षटकात सचिन तेंडुलकर आणि सौरभ तिवारी यांना बाद करून सामना फिरवला. मुंबईचे तिवारी आणि अंबाती रायुडूही लिलावाबाहेरूनच आलेले, आणि त्या हंगामात मुंबईची मधली फळी या दोघांवरच उभी होती.

शिवाय पोलार्डची किंमत नुसत्या बॅटची नव्हती. चारच दिवस आधी, २१ एप्रिलला, याच मैदानावर बेंगळुरूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने १३ चेंडूंत नाबाद ३३ केल्या आणि १७ धावांत ३ बळीही घेतले. तो सामना खरं तर बेंगळुरूला व्हायचा, पण चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर स्फोट झाल्यामुळे दोन्ही उपांत्य सामने नेरूळला हलवले गेले. पैसे वसूल होण्याचाच हिशेब लावायचा तर पोलार्डने ते अंतिम सामन्याआधीच बऱ्यापैकी वसूल करून दिले होते. हे ऐकल्यावर दादाने किमतीचा मुद्दा सोडला. मला वाटतं, त्याने तो सोडला नसता तर पुढची चर्चा झालीच नसती.

अदलाबदलीचा विषयही इथे थोडक्यात आला. त्या अकरांत दोन जण अदलाबदलीतून आलेले: शिखर धवन दिल्लीहून आशिष नेहराच्या बदल्यात, आणि झहीर खान बेंगळुरूहून रॉबिन उथप्पाच्या बदल्यात. दोन्ही २००९ च्या हंगामाआधीच्या. अंतिम सामन्यात धवन शून्यावर बाद झाला, म्हणून दादाला ती अदलाबदल वाया गेली असं वाटत होतं. ताईंनी त्याला थांबवलं. एका सामन्यावरून सौदा तोलायचा नसतो, हंगामावरून तोलायचा असतो. हे बरोबर आहे आणि यावर जास्त वेळ घालवायची गरज नव्हती. आमच्या भागात अजूनही नोव्हेंबर २०२३ च्या सौद्यावर, हार्दिक पंड्या गुजरातहून परत आला आणि कॅमेरून ग्रीन बेंगळुरूला गेला त्यावर, घराघरात भांडणं होतात. तिथेही हीच गफलत दिसते: २०२४ मध्ये मुंबई तळाला राहिली हे एकच वाक्य म्हणायचं आणि सौदा निकालात काढायचा.

पहिली बारा षटकं

पोलार्ड उशिरा आला याचं मूळ शोधायचं तर डावाच्या सुरुवातीला जावं लागतं, आणि इथे कट्ट्यावर शांतता पसरली, कारण तिथे सचिन आहे.

सचिन त्या हंगामात ६१८ धावा करून सगळ्यांच्या पुढे होता. उपांत्य सामन्यात त्याच्या हाताच्या बोटांमधली चामडी फाटली, टाके पडले, आणि तरीही तो अंतिम सामन्यात सलामीला आला. त्याने ४५ चेंडूंत ४८ केल्या. धवन लवकर गेल्यावर अभिषेक नायर तिसरा आला, त्याने २६ चेंडूंत २७ केल्या. दोघांचे मिळून ७१ चेंडू, ७५ धावा. १६९ चं लक्ष्य म्हणजे षटकामागे साडेआठच्या आसपास धावा हव्यात, आणि निम्म्याहून जास्त चेंडूंवर मुंबई साडेसहाच्याही खाली धावत होती.

काका म्हणाले, "हाताला टाके घेऊन उभा राहिला तो माणूस. त्याच्याकडे बोट दाखवू नका."

कोणी दाखवलंही नाही. पण भाचीने एक गोष्ट शांतपणे सांगितली, ती मला पटली. सचिनच्या धावा कमी पडल्या हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की दोन गडी बाद झाले तेव्हा आठेक षटकं उरली होती आणि तोपर्यंत षटकामागे बाराच्या वर धावा लागणार हे फलकावर दिसत होतं. म्हणजे "शेवटच्या षटकांसाठी फटकेबाज राखून ठेवायचा" ही योजना ज्या परिस्थितीसाठी आखली होती, ती परिस्थिती आठ षटकं आधीच येऊन ठेपली होती. योजना जुनी झाली, क्रम मात्र तोच राहिला.

या जागी मी थोडा वेळ थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे. आपण चाहते क्रमांकावर भांडतो: चौथा, पाचवा, आठवा. पण फलंदाज क्रमांकावर खेळत नाही, त्याच्या वाट्याला आलेल्या चेंडूंवर खेळतो. उपांत्य सामन्यातही पोलार्ड शेवटच्या टप्प्यातच आला होता, आणि तिथे ते बरोबर ठरलं, कारण पहिली फलंदाजी होती, तिवारी नाबाद ५२ आणि रायुडू ४० करून धावगती वर ठेवत होते. तोच क्रम चार दिवसांनी पाठलागात वापरला तेव्हा त्याचा अर्थ बदलला.

चार वेळा

नायर धावबाद झाल्यानंतर पोलार्ड येऊ शकला असता अशा चार वेळा आल्या. चारही वेळा दुसरं कोणी आलं. आम्ही प्रत्येक वेळ वेगळी तपासली, कारण त्या चारही सारख्या नाहीत.

पहिल्या वेळी हरभजन सिंग आला. काकांनी याची बाजू जोरात मांडली आणि मला ती बऱ्याच अंशी मान्य आहे. हरभजनची विकेट गेली तरी फलंदाजीतलं फारसं काही जात नाही. आठ-दहा चेंडूंत वीस निघाल्या तर सामन्याचा रंग बदलतो. स्वस्त विकेट पणाला लावून महाग विकेट राखायची, हा जुना आणि शहाणा डाव आहे. तो १ धाव करून रैनाच्या फिरकीवर पायचीत झाला, पण आमच्या नियमाप्रमाणे ते मोजायचं नाही. एक मात्र मोजायचं: हरभजनला वर पाठवणं म्हणजे संघाने स्वतःच कबूल करणं की आता धावा हव्यात, नंतर नाही. हे कबूल केल्यावर पुढच्या निर्णयांनाही तोच निकष लागू होतो.

दुसऱ्या वेळी रायुडू. त्याने १४ चेंडूंत २१ केल्या. दादा सोडून कोणाचाच आक्षेप नव्हता. फॉर्मातला फलंदाज, फिरकी चांगली खेळणारा, धावा पळून काढणारा, आणि दुसऱ्या टोकाला अजून सचिन उभा. इथे पोलार्ड यायला हवा होता असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन की त्या वेळी गोलंदाजी कोण करत होतं. चेन्नईकडे रविचंद्रन अश्विन, मुथय्या मुरलीधरन, जकाती आणि रैना असे चार जण फिरकी टाकणारे होते आणि धोनीने मधली षटकं त्यांनाच दिली होती. त्या काळचा पोलार्ड वेगवान गोलंदाजांना जितका झोडायचा तितका फिरकीला नाही, असंच सगळ्यांचं मत होतं. डगआउटमध्येही ते असणारच.

तिसरी आणि चौथी वेळ एकाच षटकात आली. जकातीच्या चेंडूवर सचिन मुरली विजयकडे झेल देऊन गेला, तिवारी आला, खातं न उघडता तोही गेला, आणि डुमिनी आला. धावफलक शंभराच्या घरात, पाच बाद, पाच षटकांहून थोडं जास्त शिल्लक, षटकामागे तेरा हव्यात.

तिवारीबद्दल ताईंनी जे सांगितलं ते मी आधी कुठे ऐकलं नव्हतं. "जकाती डावखुरा फिरकी गोलंदाज. उजव्या हाताच्या फलंदाजाला त्याचा चेंडू बाहेर जातो, डावखुऱ्याला आत येतो. तिवारी डावखुरा, डुमिनीही डावखुरा. मी प्रशिक्षक असते तरी मला जकातीसमोर आधी डावखुराच आठवला असता. पोरींच्या सामन्यात आम्ही हेच करतो."

तिवारीपुरतं हे पटतं. त्या हंगामात त्याने चारशेच्या वर धावा केल्या होत्या, चार दिवसांपूर्वी याच मैदानावर नाबाद ५२. त्याला पाठवणं चूक म्हणता येणार नाही.

डुमिनीचं मात्र पटत नाही. जकातीचं ते षटक संपत आलं होतं. दोन विकेट मिळाल्यावर धोनी पुढे कोणाला आणेल हे धोनीच ठरवणार होता, त्यामुळे एका गोलंदाजासाठी फलंदाज निवडण्याचं कारण तिथेच विरून गेलं. पाच बाद झाल्यावर "विकेट राखा" या सल्ल्याचा उपयोग कशासाठी? हातात विकेट ठेवून हरण्यापेक्षा चेंडू हातात असताना सर्वांत जोरात मारणारा माणूस समोर असणं महत्त्वाचं. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे राखून ठेवण्यासाठी पुढे काही उरलंच नव्हतं. जे "शेवट" म्हणून राखून ठेवलं होतं, ते सुरू झालं होतं.

त्यानंतरच्या दोन-सव्वादोन षटकांत मुंबईला जेमतेम चौदा-पंधरा धावा मिळाल्या. डुमिनीने एकूण ७ चेंडूंत ६ केल्या. रायुडू धावबाद झाला आणि पोलार्ड आला तेव्हा षटकामागे तेराऐवजी अठराहून जास्त हव्या होत्या. दादा त्या वेळी स्टँडमध्ये होता. तो सांगतो की त्याचं मैदानाकडे लक्षच नव्हतं. प्रत्येक विकेटनंतर तो डगआउटकडे बघत होता, पॅड बांधलेला पोलार्ड उठतोय का ते.

जिंकलो असतो का?

आता त्या लाडक्या वाक्याकडे. भाचीने वहीत सोपा हिशेब मांडला. पाच बाद झाले तेव्हा समजा ३२ चेंडू आणि ६९ धावा. डुमिनीऐवजी पोलार्ड आला, आणि दोन्ही टोकांना निम्मे निम्मे चेंडू मिळाले असं धरू. पोलार्डला १६ चेंडू. चेंडूमागे दोन धावा धरल्या तर ३२. त्या रात्री प्रत्यक्षात त्याने ज्या वेगाने मारलं तो वेग धरला तर ४३. दुसऱ्या टोकाला रायुडू चेंडूमागे दीड धावा, म्हणजे २४. साधा दिवस असेल तर एकूण ५६, हार. उत्तम दिवस असेल तर ६७, त्यात एखाद-दोन अवांतर, आणि सामना शेवटच्या चेंडूपर्यंत.

वहीतले आकडे बघून दादा गप्प झाला. इतकी वर्षं त्याची खात्री होती की कप हातातून घालवला. हिशेब सांगतो की चौथ्या वेळी पोलार्ड आला असता तरी बहुतेक मुंबई हरलीच असती, फक्त कमी फरकाने. आणि म्हणूनच मला हे प्रकरण मोलाचं वाटतं. निर्णय चुकीचा होता, आणि तो निर्णय बरोबर घेतला असता तरी निकाल तोच राहण्याची शक्यता मोठी होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चाहत्यांच्या वादात हे सहसा कोणी मान्य करत नाही. हरलो म्हणजे निर्णय चूक, जिंकलो म्हणजे निर्णय बरोबर, इतकंच चालतं. मग जो कर्णधार दहा वेळा चुकीचा निर्णय घेऊन सहा वेळा नशिबाने जिंकतो, त्याची आपण मिरवणूक काढतो.

हिशेबात आणखी एक गोष्ट धरली नाही ती ताईंनी दाखवून दिली. पोलार्ड सोळा चेंडू खेळणार हे माहीत असतं तर धोनीचं क्षेत्ररक्षण आणि गोलंदाजीचा क्रम दोन्ही बदलले असते. हेडनला सरळ रेषेत उभं करणं जमलं कारण शेवटी पोलार्डला प्रत्येक चेंडू सरळच मारायला लागत होता, निवडायला वेळ नव्हता. पाच षटकं हातात असलेला पोलार्ड एखादा चेंडू सोडू शकतो, एकेरी धाव घेऊ शकतो, वेगवान गोलंदाज येण्याची वाट बघू शकतो. चेंडू जास्त मिळाले की नुसत्या धावा वाढत नाहीत, फलंदाजाला निवड करता येते.

नियम मोडून

शेवटी आम्ही आमचाच नियम थोडा सैल केला. निर्णयाचा न्याय करण्यासाठी नाही, निकष तपासण्यासाठी.

२६ मे २०१३, कोलकात्याचं ईडन गार्डन्स. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा समोर चेन्नई आणि धोनी. मुंबईचे चार गडी गेले तेव्हा डाव जवळपास अर्ध्यावर होता, आणि पोलार्ड आला. ३२ चेंडूंत नाबाद ६०. मुंबई ९ बाद १४८, चेन्नई २३ धावांनी मागे राहिली, मुंबईचा पहिला कप. तोच माणूस, तोच प्रतिस्पर्धी. फरक होता तो हातात आलेल्या षटकांचा. काका म्हणाले की तीन वर्षांत पोलार्ड फिरकी खेळायला शिकला होता. तेही खरं असणार. पण शिकला तो कसा? मधल्या षटकांत खेळवूनच.

ताईंनी अलीकडचं, आणि आमच्यासाठी जास्त जवळचं उदाहरण आणलं. ३० ऑक्टोबर २०२५, पुन्हा डी. वाय. पाटील, महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं लक्ष्य. जेमिमा रॉड्रिग्सला त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध संघातून बाहेर ठेवलं होतं. सहावी गोलंदाज हवी होती म्हणून. या सामन्यात ती तिसरी येणार हे तिला मैदानात उतरण्याच्या पाचच मिनिटं आधी कळलं, असं तिने नंतर सांगितलं. ती दुसऱ्याच षटकात आली आणि १३४ चेंडूंत नाबाद १२७ करून परतली. ताईंच्या संघातल्या मुलींनी तो सामना एकत्र बसून बघितला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना पोलार्डचं प्रकरण माहीतही नाही, पण "ती आज पाचवी आली असती तर?" हा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला. इंग्लंडविरुद्ध तिला वगळणं चूक होतं का, यावर कट्ट्यावर एकमत झालं नाही. गोलंदाजी कमी पडत होती हे खरंच होतं.

कुठे येऊन थांबलो

पहिल्या तीन वेळांबद्दल बहुमत संघाच्या बाजूने. चौथ्या वेळेबद्दल चार जण विरुद्ध, एक बाजूने. बाजूने असलेले काका. त्यांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण ते हलकं नाही. "पोलार्ड तेव्हा आला असता आणि मुरलीच्या पहिल्याच चेंडूवर गेला असता, तर आज तुम्ही म्हणाला असता की वेगवान गोलंदाज येईपर्यंत थांबायला काय झालं होतं? डुमिनीचा निर्णय तुम्हाला चूक वाटतो, कारण दुसरा निर्णय कधी घेतलाच गेला नाही. न घेतलेल्या निर्णयाला अपयश येत नाही."

भाचीने उत्तर दिलं. "काका, मुरलीचा चेंडू डुमिनीलाही खेळायचाच होता. आणि डुमिनीला शेवटी मुरलीनेच काढलं. भीती दोघांनाही सारखीच. मग त्या भीतीच्या बदल्यात जास्त धावा कोण देणार, एवढंच बघायचं."

काका यावर हसले, पण मत बदललं नाही. टिपणात त्यांची असहमती तशीच नोंदवली आहे.

ताईंनी मात्र त्यानंतर संघाच्या पत्रकाची पद्धत बदलली. पूर्वी त्या मुलींची नावं एकाखाली एक लिहायच्या, एक ते अकरा. आता पहिल्या तिघींची नावं तशीच, आणि पुढच्या चौघींसमोर क्रमांकाऐवजी षटक लिहिलेलं असतं. संघात एक मुलगी आहे, लांब फटके मारणारी, फिरकीला थोडी अडखळणारी. तिच्यासमोर लिहिलंय: वीस षटकांचा सामना असेल तर बाराव्यानंतर पहिली विकेट पडली की हीच जाणार, समोर कोणीही गोलंदाजी करत असो. तोपर्यंत नेटमध्ये तिला रोज फिरकीच खेळायची आहे.